तीन जेट आणि 'मिरवायची हौस'

विमानांच्या जुन्या फोटोंखाली एक मत हमखास फिरत असतं: '१९६०च्या सुमारास आयर्लंडसारख्या चिमुकल्या देशांनी जेट घेतली ती निव्वळ मिरवायला. ना प्रवासी, ना ऐपत, ना गरज.' आयर्लंडचंच उदाहरण घेऊन बघू.

'प्रवासी नव्हते.' १९६१ साली देशाची लोकसंख्या जेमतेम २८ लाख होती, हे खरं. पण आयर्लंडच्या विमान कंपनीची, एअर लिंगसची गिऱ्हाइकं फक्त डब्लिन-कॉर्कमध्ये कशाला मोजायची? पिढ्यानपिढ्या माणसं न्यूयॉर्क-बॉस्टनला जाऊन राहिलेली. लग्नाला, मयताला, म्हाताऱ्या आईला भेटायला येणारी ही मंडळी देशाच्या जनगणनेत दिसत नाहीत, तिकीट खिडकीवर दिसतात.

'ऐपत नसताना उडी मारली.' उडी मारून पाय मागे घ्यायचा प्रकार त्यांच्याकडे आधीच होऊन गेला होता. अटलांटिकसाठी घेतलेली ५ कॉन्स्टेलेशन (पंख्याची) विमानं १९४८ साली नव्या सरकारने, त्या मार्गावर एकही फेरी व्हायच्या आत, विकून टाकली. मग १० वर्षं काही नाही. १९५८च्या एप्रिलमध्ये सेवा सुरू झाली, तीही भाड्याच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर. जेटची पहिली फेरी १४ डिसेंबर १९६०ला. याला उडी म्हणायचं?

शिवाय जेट घेतली तीनच, आणि तीही बोइंग ७०७ नव्हे, ७२०: ७०७चं आखूड, हलकं भावंड, मुळात मध्यम पल्ल्यासाठी केलेलं. लंडनहून न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर. आयर्लंडच्या पश्चिम टोकाच्या शॅननहून ४,९५०. तेवढ्यात ७२०चं भागत होतं. अंथरूण पाहून पाय पसरणं ते हेच. ७०७ आलं १९६४ साली. आणि ३ विमानांना हसणाऱ्यांनी हेही बघावं, की १९६०च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला निघालेल्या आपल्या एअर इंडियाकडेही ७०७ तीनच होती.

मिरवणं अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिन्ही विमानांना संतांची नावं: पॅट्रिक, ब्रिजिड, ब्रेंडन. हा ब्रेंडन म्हणजे दंतकथेत होडीतून अटलांटिकवर निघालेला. विमानांवर पाद्री तीर्थ शिंपडायचे. आपल्याकडे नव्या एसटीपुढे नारळ फुटतो, त्यातलाच प्रकार.

'गरज नव्हती' या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, फक्त बोट चुकीच्या जागी रोखलंय. गरज नव्हती ती शॅननच्या थांब्याची. जेटना इंधनासाठी तिथे उतरायचं कारण उरलं नव्हतं. तरी त्या भागाचा रोजगार टिकावा म्हणून सरकारने थांबा सक्तीचा ठेवला आणि अमेरिकन कंपन्यांना कित्येक वर्षं थेट डब्लिनला उतरू दिलं नाही. न्यूयॉर्कला निघालेला डब्लिनकर आधी १९० किलोमीटरवर शॅननला उतरायचा, आणि मग पुन्हा पट्टा बांधायचा.