बदललेले मृत्युपत्र म्हणजे दबावच?

गिरगाव-दादरच्या चाळी पुनर्विकासाला निघाल्या आणि दोन खोल्यांच्या जागी टॉवरमधले घर दिसू लागले, तसा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागला आहे. उतारवयात आईवडिलांनी मृत्युपत्र बदलून सांभाळणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावे घर केले, तर कायदा तो दबावच धरतो, नवे मृत्युपत्र आपोआप रद्द होते आणि आधीचे नोंदणीकृत असल्यास तेच टिकते, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

नोंदणीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 62 नुसार, करणारी व्यक्ती सक्षम असेपर्यंत ते केव्हाही बदलू वा रद्द करू शकते. त्यामुळे दोन साक्षीदारांसह रीतसर केलेला नंतरचा साधा कागदही आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला बाद ठरवू शकतो. जुन्याच प्रतीवर पेनाने नाव खोडून दुसरे लिहिणे मात्र, त्या फेरफारावर तशीच सही-साक्ष नसल्यास, सहसा उपयोगाचे नाही.

दबावाचे विधान अधिक फसवे आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 61 प्रमाणे कपटाने, जबरदस्तीने किंवा स्वतंत्र इच्छाच उरू नये इतका तगादा लावून करवून घेतलेले मृत्युपत्र शून्य ठरते. पण त्याच कलमाखालच्या उदाहरणांत असेही आहे की, मालमत्तेवर डोळा ठेवून कोणी सेवा-खुशामत केली आणि त्यातून जडलेल्या मायेपोटी मृत्युपत्र झाले, तरी तेवढ्यावरून ते बाधित होत नाही. उलट, विरोध करण्याची ताकद न उरलेल्या आजाऱ्याने केवळ कटकट मिटावी म्हणून मान तुकवली असेल, तर ते टिकत नाही. म्हणजे चार वर्षे औषधपाणी करणाऱ्या मुलीला घर मिळाले, एवढ्याने दबाव सिद्ध होत नाही. तो सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो.

याचा अर्थ लाभार्थ्याने निर्धास्त राहावे असा मात्र नाही. वेंकटाचल अय्यंगार प्रकरणातील 1959 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते करवण्यात पुढाकार घेतला असेल आणि मोठा लाभही त्यालाच होत असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती असून संशय त्यानेच दूर करायला हवा. शेजारच्या एका गृहस्थांनी मला धाकट्या भावाच्या नावे झालेले असेच मृत्युपत्र दाखवले. वडिलांना मराठीखेरीज वाचता येत नव्हते आणि मजकूर सगळा इंग्रजीत होता; सही रेघेखाली घसरलेली, दोन्ही साक्षीदार धाकट्याच्या कचेरीतले आणि डॉक्टरांचा दाखला सहीनंतर चार दिवसांनी घेतलेला. गृहस्थांची तक्रार मात्र एकच होती, 'मी थोरला असून मला वगळले.' वगळले जाणे हे एकटे कारण फारसे चालत नाही, कारण वारसाक्रम बदलण्यासाठीच तर मृत्युपत्र करतात. उलटतपासणीत विचारले जाते ते बाकीचे सारे. शिवाय साक्षीदार हयात असतील, तर त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात येऊन सहीची हकिकत सांगावी लागते. तेव्हा व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर बाजूला ठेवून आधी दाखल्याची तारीख आणि दोन्ही साक्षीदारांचे पत्ते वकिलांना द्या, असे मी त्यांना सांगितले.