सावित्रीचा पूल झाला, मग हायवे का होत नाही?

पुढच्या गणपतीपर्यंत मुंबई-गोवा हायवे पूर्ण होणार, हे वाक्य आता माझ्यासमोर कुणी उच्चारू नका. डोकं फिरतं! पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा. चौपदरीकरण सुरू झालं 2011 साली. त्या साली जन्मलेली पोरं हायस्कुलात गेली आणि आम्ही अजून माणगावच्या बाजारपेठेत इंजिन बंद करून बसतोय, कारण बायपास अर्धवट पडलाय. मागच्या सीटवर म्हाताऱ्या आईचे पाय बसून बसून सुजतात. शेजारच्या एसटीत लेकरं रडत असतात.

कारणं तर आम्हाला तोंडपाठ आहेत. भूसंपादन रखडलं, कर्नाळा अभयारण्यात परवानगी अडली, ठेकेदाराकडचे पैसे संपले, पाऊस लागला. अरे, कोकणात पाऊस पडतो हे वेळापत्रक करताना ठाऊक नव्हतं? जमीन ताब्यात नसताना कामाचा आदेश द्यायचाच कशाला? मशिनं नुसती उभी राहतात, ठेकेदाराच्या डोक्यावर व्याज चढत जातं, एक दिवस तो हात वर करतो. मग पुन्हा निविदा, पुन्हा नवा माणूस, आणि तो येईपर्यंत आधी टाकलेली खडीसुद्धा वाहून गेलेली असते.

आणि कोकणात कामं होत नाहीत, हे तर मुळीच सांगू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. 5 जून 2017 ला त्याचं उद्घाटनही झालं. हाच हायवे होता ना तो? मुदत सगळ्यांसमोर जाहीर केली होती, काम कुठवर आलं यावर अख्ख्या राज्याचा डोळा होता, म्हणून झालं. त्यासाठी आधी माणसं मरावी लागली, याचीच जास्त चीड येते.

कोकण रेल्वे बघा. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू. नव्वदहून जास्त बोगदे! पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, तरी काम सोडलं नाही. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

इथे रस्ता तुकड्यातुकड्यांत वाटून टाकलाय. एक तुकडा चकाचक झाला म्हणून काय उपयोग? गावी पोहोचायची वेळ सगळ्यात रखडलेला तुकडाच ठरवतो. मग माणसं, मशिनं, पैसा आधी तिथे लावायला नको? ते सोडून दरवर्षी गणपतीच्या तोंडावर पाहणी दौरे निघतात आणि खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसवले जातात. दर्जाचं म्हणाल, तर चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल ऑक्टोबर 2023 मध्ये बांधता बांधताच कोसळला.

बास झाले दौरे. प्रत्येक तुकड्यावर फलक लावा: जबाबदार इंजिनिअर कोण, काम किती राहिलं, दिवस किती उरले. तारीख हुकली की त्याच आठवड्यात जाब विचारा, बिल अडवा. आणि बाकीचं सगळं राहू दे, आधी माणगाव आणि इंदापूरचे बायपास पुरे करा!