तिन्ही खडे एका माळेत ओवू नयेत
लेखात अमेरिकन डायमंड, मोइसॅनाइट आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा या तिघांनाही ‘नकली हिरे’ म्हटले आहे, ते पटले नाही. प्रयोगशाळेतला हिरा कार्बनचाच, म्हणजे खराच असतो. मोइसॅनाइट हे सिलिकॉन कार्बाइड, तर अमेरिकन डायमंड हे झिर्कोनियम ऑक्साइड (झिरकॉन हा नैसर्गिक खडा निराळाच, पण दुकानांत अमेरिकन डायमंडलाही सर्रास तेच नाव चालते). भाचीच्या लग्नासाठी जळगावच्या सराफ बाजारात कुड्या पाहताना एका दुकानदाराने खड्यावर उष्णता तपासणारा पेन टेकवला आणि तो वाजताच ‘हिराच आहे’ असे सांगितले. मात्र मोइसॅनाइटमधूनही उष्णता झपाट्याने वाहत असल्यामुळे तो पेन त्यालाही हिराच ठरवतो, आणि भिंगातून पाहिल्यास मागच्या पैलूंच्या दुहेरी दिसणाऱ्या कडांवरून ते ओळखता येते. रोजच्या अंगठीसाठी मोह्स मापावर (कठीणपणाची 1 ते 10 अशी पट्टी, हिरा 10) 9.25 कठीणपणाचे मोइसॅनाइट घ्यावे. 8 ते 8.5 चे अमेरिकन डायमंड ओरखडे पडून मंद होते, सणासुदीच्या कुड्यांना ते पुरते. सोन्यात जडवल्यास पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहून घ्यावे, कारण अमेरिकन डायमंड त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जड भरतो आणि मोडीच्या वेळी खड्याचे वजन वजा होते.