सुट्टी जाहीर झाली ना, मग सुट्टी द्या!

काल पहाटेच कळलं की ठाणे जिल्ह्याला पावसाचा रेड अलर्ट आहे आणि कलेक्टरांनी सगळ्या शाळा बंद ठेवायला सांगितल्यात. बरं वाटलं, कारण डोंबिवलीतल्या तुंबलेल्या रस्त्यांवरून त्या व्हॅनमध्ये कोंबून पोरांना पाठवायचं म्हणजे व्हॅनवाल्याचा फोन येईपर्यंत जिवाला घोर. आणि पावणेसातला शाळेचा मेसेज येऊन धडकला. डिअर पेरेंट्स, शाळा बंद असली तरी विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून आठपासून ऑनलाइन क्लास, युनिफॉर्म कंपल्सरी, कॅमेरा ऑन, अटेंडन्स घेतली जाईल.

पावणेसातला सांगता, आठला सुरू करता, आणि घरात कोण आहे कोण नाही याचा विचार शाळेतल्या एकाही माणसाच्या डोक्यात येत नाही? सुट्टी शाळेला असते हो, आमच्या ऑफिसला कोण देतंय? नवरा नेहमीची लोकल पकडून निघून गेलेला, पुढे कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरलं आणि तो मध्येच अडकून पडला. मी मॅनेजरच्या हातापाया पडून घरून काम मागून घेतलं, तेही अकराचा क्लायंट कॉल चुकवणार नाही या बोलीवर. लॅपटॉप ऑफिसचा, त्यात शाळेचं ॲप टाकता येत नाही. मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत, दोघांचे क्लास एकाच वेळी. एकाला माझा फोन दिला, दुसरीला घरातला जुना फोन, जो चार्जरला लावून ठेवला तरच चालू राहतो. त्यात नऊच्या सुमारास लाइट गेले. वायफाय गेलं, जुना फोन गेला, पोरगी रडायला लागली की मिस ॲबसेंट लावतील. सात वर्षांची पोरगी, बाहेर आभाळ फाटलंय आणि ती घरात युनिफॉर्म घालून ॲबसेंटच्या भीतीने रडतेय!

दुसरीच्या पोरांना पान नंबर शोधून द्यावा लागतो, म्यूट काढून द्यावं लागतं, शेजारी मोठं माणूस बसल्याशिवाय तो क्लास होऊच शकत नाही, हे शाळेला पक्कं माहितीये. म्हणजे आईनं नोकरीवर पाणी सोडून बसावं असं गृहीतच धरलंय. सासूबाई मदतीला होत्या, पण त्यांना त्या स्क्रीनवर कुठे काय दाबायचं ते समजत नाही, आणि का समजावं त्यांना? नातवंडांना त्या गरम वरणभात देतात, तेवढं पुष्कळ आहे.

पण खरा कहर पुढेच. क्लास संपता संपता ग्रुपवर चार पानांची पीडीएफ. हिची प्रिंट काढा, मुलांकडून रंगवून घ्या, पालकांची सही करा, स्कॅन करा आणि पाचच्या आत अपलोड करा. प्रिंट काढा! रस्त्यावर पाणी म्हणून तुम्ही शाळा बंद ठेवलीत ना? मग झेरॉक्सचं दुकान काय डोंगरावर आहे? आमच्या गल्लीत पोटरीपर्यंत पाणी, स्टेशन रोडला तर विचारूच नका, सगळी शटर खाली. एका आईनं ग्रुपवर अगदी नम्रपणे विचारलं की प्रिंट मिळत नाहीये, वहीत हातानं काढून दिलं तर चालेल का. उत्तर आलं, किंडली फॉलो द इन्स्ट्रक्शन्स, आणि पुढे हात जोडलेले. त्या किंडलीनं माझं डोकं फिरतं. हुकूम सोडायचा आणि वर हात जोडायचे.

दुपारी आमच्याच बिल्डिंगमधली एक जण छत्री घेऊन त्या पाण्यातून प्रिंट काढायला निघाली. मी जिन्यातच अडवलं तिला, जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, एवढे नामांकित डॉक्टर, गाडीतून उतरून घरी चालत निघालेले. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून तर सुट्टी देतात. आणि आपण बाहेर पडायचं कशासाठी, तर दुसरीच्या पोरानं बेडूक हिरवा रंगवला की नाही ते शाळेला दाखवायला?

केंद्राची स्कूल बॅग पॉलिसी आहे, २०२० ची. त्यात स्पष्ट लिहिलंय, दुसरीपर्यंत गृहपाठ द्यायचाच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याच वर्षी ऑनलाइन वर्गांच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला दोनच सत्रं, तीही ३० ते ४५ मिनिटांची. काल माझी दुसरीतली मुलगी आठपासून एकपर्यंत स्क्रीनसमोर होती, मधे लाइट गेले तेवढीच तिच्या डोळ्यांना विश्रांती.

लॉकडाऊनमध्ये हे सगळं सोसलं, कारण इलाज नव्हता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात एकच फोन, तो त्या सोबत घेऊन कामाला येणार, म्हणजे त्यांच्या पोरांची शाळा रात्री आई घरी आल्यावर. तिकडे सिंधुदुर्गात रेंज मिळावी म्हणून एका मुलीनं डोंगरावरच्या झोपडीत बसून अभ्यास केला आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मला तेव्हा रडू आलं होतं की लेकरावर ही वेळ का यावी. एवढं सगळं झाल्यावर शाळांनी शिकून काय ठेवलं, तर पालकांना कुठल्याही वेळी कामाला लावता येतं. रात्री साडेनऊला मेसेज येतो, उद्या येताना शाडूची माती, तीन प्रकारची पानं आणि जुनी बांगडी आणा. उद्या! दुकानं बंद झाल्यावर! आणि फॉर्मवर पहिला नंबर बापाचा आहे, तरी फोन मलाच येतो. मीटिंगमध्ये असले तरी मलाच. मुलाच्या बापालाही अपलोडचं बटण दाबता येतं, त्याला एकदा तरी फोन करून बघा.

टीचरवर माझा राग नाही. मुलीच्या टीचरच्या मागे त्यांचंच बाळ रडताना ऐकू येत होतं काल, तरी त्या शिकवत होत्या. हे वरून येतं, मॅनेजमेंटकडून, कारण फी घेतलीय तर काहीतरी चालू दिसलं पाहिजे. बुडालेला दिवस भरून काढायचाय तर एखादा शनिवार घ्या, आम्ही डबा देऊन पाठवतो मुलांना, एक शब्द बोलणार नाही.

वर्कशीट मी अपलोड केलेलं नाही आणि करणारही नाही. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, प्रतिनिधींना आज सकाळी लेखी दिलंय आणि बिल्डिंगमधल्या बाकीच्या पालकांच्याही सह्या घेतेय. मुलीची गैरहजेरी लावायची असेल तर लावा, पण कलेक्टरांनी सुट्टी दिलेल्या दिवशी ती कुठल्या नियमानं लावलीत ते शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्या.