व्हॅन गॉग पिवळा रंग खायचा म्हणे!

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतोच. परवा आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला आणि खाली पटापट हात जोडले गेले. मजकूर थोडक्यात असा: डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जन्मभरात एकच चित्र विकलं. प्रेयसीने मागितला म्हणून कान कापून दिला. आतून आनंदी वाटावं म्हणून तो पिवळा रंग खायचा. वेड्यांच्या इस्पितळात, वेडाच्या भरात त्याने ‘तारांकित रात्र’ रंगवली. शेवटी गव्हाच्या शेतावरचे कावळे रंगवले आणि तिथेच गोळी झाडून घेतली. जगाने त्याला ओळखलं नाही, आज त्याचं एकेक चित्र शेकडो कोटींना जातं. तेव्हा मित्रांनो, खचू नका.

खचू नका, हे ठीक. बाकीचं एकेक करून बघू. मी मुलांना चित्रकला शिकवते. वर्गात सूर्यफुलांचं चित्र दाखवलं की पहिला प्रश्न कानाचा येतो, म्हणून हा खटाटोप.

आधी ते ‘एकच चित्र’. ‘तांबडा द्राक्षमळा’ हे ते चित्र, 1888 च्या नोव्हेंबरात दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात रंगवलेलं. 1890 च्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या प्रदर्शनात ते 400 फ्रँकला गेलं. घेणारी ॲना बॉक स्वतः चित्रकार होती, आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. इथवर बरोबर. पण त्याच्या आठ वर्षं आधी, 1882 मध्ये, ॲमस्टरडॅमच्या त्याच्या काकांनी त्याच्याकडून हेग शहराची बारा रेखाचित्रं करवून घेतली आणि तीस गिल्डर मोजले. काम आवडलं म्हणून पुन्हा ऑर्डर दिली. घरातलं गिऱ्हाईक म्हणून हे मोजायचं नसेल तर नका मोजू, पण हे काका धंद्याने चित्रविक्रेते होते. पॅरिसचा रंगविक्या तांगी त्याच्याकडून रंगांच्या बदल्यात चित्रं ठेवून घ्यायचा. त्याचा चित्रकार मित्र गोगँ याने आपलं चित्र देऊन त्याची सूर्यफुलं घेतली होती. आणि धाकटा भाऊ थिओ दर महिन्याला पैसे पाठवायचा, ते भीक म्हणून नव्हे. त्या पैशांच्या बदल्यात चित्रं थिओची, असा दोघांतला हिशेब होता. थिओ स्वतः पॅरिसच्या एका मोठ्या चित्रपेढीची शाखा सांभाळत होता, त्याला व्यवहार कळत होता.

‘जगाने ओळखलं नाही’ हे तर मला सगळ्यात खटकतं. माणसाने चित्रकार व्हायचं ठरवलं तेच 1880 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. आपण ज्याला ‘व्हॅन गॉगचे रंग’ म्हणतो ते 1886 मध्ये पॅरिसला आल्यानंतरचे. तिथल्या स्वतंत्र कलावंतांच्या वार्षिक प्रदर्शनात त्याची चित्रं पहिल्यांदा लागली 1888 मध्ये. जानेवारी 1890 मध्ये आल्बेर ओरिए या तरुण समीक्षकाने त्याच्यावर भरभरून लेख लिहिला. व्हिन्सेंटने आभाराचं पत्र लिहिलं, सायप्रस झाडांचं एक चित्र भेट दिलं आणि वर हेही कळवलं, की एवढी स्तुती आपल्याला शोभत नाही. ब्रसेल्सच्या त्याच प्रदर्शनात एका चित्रकाराने ‘असल्या सूर्यफुलांशेजारी माझी चित्रं नकोत’ म्हणून तमाशा केला, तेव्हा चित्रकार तुलूझ-लोत्रेक त्याला द्वंद्वाचं आव्हान देऊन मोकळा झाला. मार्चमध्ये पॅरिसला दहा चित्रं लागली आणि प्रत्यक्ष मोने, नावाजलेला चित्रकार, म्हणाला, की प्रदर्शनातली सर्वांत चांगली चित्रं हीच. दुकान उघडून दोन वर्षं होतात न होतात तोच ही गत. अजून दहा वर्षं जगता तर काय झालं असतं, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

मग मेल्यावरची कीर्ती? तीही आभाळातून पडली नाही. व्हिन्सेंटपाठोपाठ सहा महिन्यांत, जानेवारी 1891 मध्ये, थिओही गेला. मागे राहिली त्याची अठ्ठावीस वर्षांची बायको योहाना, वर्षाचाही न झालेला मुलगा आणि शेकडो चित्रं. ही बाई हॉलंडला परतली, बुसुम गावात खानावळीसकट खोल्या भाड्याने देऊ लागली आणि तीस-पस्तीस वर्षं चित्रं कुठे लावायची, कोणाला विकायची, कोणती अजिबात सोडायची नाहीत, हे ठरवत राहिली. 1905 मध्ये ॲमस्टरडॅमला तिने भरवलेल्या प्रदर्शनात 470 हून जास्त कलाकृती होत्या. 1914 मध्ये तिने भावाभावांची पत्रं छापली. लंडनच्या नॅशनल गॅलरीला सूर्यफुलं हवी होती, ती ‘नाही’ म्हणत होती. रोज डोळ्यांसमोर असलेलं चित्र द्यायचं कसं? 1924 मध्ये अखेर दिलं. मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही. कानाला मात्र अख्खं वाक्य.

कान तर कान. 23 डिसेंबर 1888 ची रात्र, आर्लमधलं व्हिन्सेंटचं पिवळं घर. गोगँ नऊ आठवडे तिथे राहत होता, दोघांचं पटेनासं झालं होतं, तो निघून जायच्या बेतात होता. त्या रात्री आजाराच्या झटक्यात व्हिन्सेंटने स्वतःचा डावा कान कापला आणि कुंटणखान्यातल्या एका मुलीच्या हातात नेऊन दिला. ती त्याची प्रेयसी नव्हती आणि तिने काही मागितलंही नव्हतं. अलीकडच्या शोधानुसार ती बहुधा तिथे साफसफाई करणारी पोरगी होती. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर रे यांनी पुढे 1930 मध्ये काढून दिलेल्या आकृतीवरून दिसतं, की पाळीचा तुकडा नव्हे, जवळजवळ पूर्ण कान गेला होता. (याच डॉक्टरांचं व्यक्तिचित्र व्हिन्सेंटने काढून दिलं, ते घरच्यांना इतकं आवडलं की म्हणे कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवायला वापरलं. ते खुराड्यातलं चित्रही आता पुश्किनमध्येच आहे.) यात प्रेम शोधू नका. तो आजार होता. आजाराला प्रेमकथा म्हणणं मला क्रूर वाटतं.

त्यापेक्षा दोन आठवड्यांनंतरचं बघा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो घरी परतला आणि थिओला कळवलं, की हाताला सवय परत यावी म्हणून एखाद-दोन स्थिरचित्रांपासून सुरुवात करतो. त्यातलं एक आज हॉलंडच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. टेबलावर ताटलीत कांदे, एका कांद्याला कोंब फुटलेला. शेजारी पाइप, तंबाखू, मेणबत्ती, घरगुती औषधोपचाराचं पुस्तक आणि एक पाकीट. कापलेल्या कानाची पट्टी अजून डोक्याला असताना हा माणूस कांद्याच्या पातीचा हिरवा आणि कडेच्या सावल्या जुळवत बसला होता. मुलांना मी आता पट्टीवालं आत्मचित्र नंतर दाखवते, कांदे आधी.

आता तो पिवळा रंग. या मुद्द्यावर मला हसावं की रडावं कळत नाही. सेंट-रेमीच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात असताना, झटक्याच्या दिवसांत त्याने रंग आणि दिव्यातलं रॉकेल पिण्याचा प्रयत्न केला. तिथल्या डॉक्टर पेरों यांनी तशी नोंद केली आहे. तो विषप्रयोग होता, म्हणूनच काही काळ त्याचे रंग काढून घेतले होते. त्याच्या पिवळ्यात बहुतेक क्रोम यलो असायचा, त्यात शिसं असतं. आनंदासाठी रंग चाखणारा भाबडा कलावंत हा कोणीतरी कप-टीशर्टवर छापायला तयार केलेला आहे.

पिवळ्याचं खरं गुपित लोकरीत आहे. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात एक लाखेची पेटी आहे, आत रंगीत लोकरीचे छोटे गुंडे. दोन रंगांचे धागे एकमेकांत पिळून तो बघायचा, की कोणता रंग कशाशेजारी पेटतो आणि कशाशेजारी विझतो. मी हे वर्गात करून बघितलं. आधी पिवळ्या लोकरीसोबत केशरी पिळली: गुळमुळीत. मग पिवळ्यासोबत जांभळी. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘बाई, हा पिवळा वेगळा आहे.’ लोकर तीच होती. मग फोनवर त्याच्या आर्लच्या शयनगृहाचं चित्र उघडून दाखवलं, 1888 च्या ऑक्टोबरातलं. त्यातल्या आज निळ्या दिसणाऱ्या भिंती त्याने फिक्या जांभळ्या रंगवल्या होत्या, लाल रंग कच्चा निघाला आणि उडाला. म्हणजे पिवळ्या पलंगाशेजारी तेव्हा जांभळी भिंत होती! मुलांना हे पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

‘वेडाच्या भरात तारांकित रात्र’ याला उत्तर त्याच्या पत्रांतच आहे. झटका आला की तो रंगवू शकत नसे. 1889 च्या जुलैच्या मध्यापासून दीड महिना काम बंदच होतं. ते चित्र जूनमधलं, झटक्याच्या आधीचं. पहाटे खोलीच्या गजाआडच्या खिडकीतून त्याने शुक्रतारा पाहिला होता, ‘खूप मोठा दिसत होता’ असं थिओला लिहिलं. चित्र मात्र रंगवलं दिवसा, तळमजल्यावरच्या खोलीत, आठवणीने. खिडकीतून न दिसणारं गाव त्याने खाली आणून ठेवलं, सायप्रस पुढे ओढलं. ही जुळवाजुळव आहे, थंड डोक्याची. थिओला ते फारसं रुचलं नाही. शैलीच्या मागे लागून भावना मागे पडते, असं त्याने कळवलं. आणि स्वतः व्हिन्सेंटने नोव्हेंबरात मित्राला लिहिलं, की आपण फार मोठ्या ताऱ्यांच्या मागे लागलो आणि फसलो. जगातलं हे सगळ्यात लाडकं चित्र चित्रकाराच्या लेखी फसलेलं होतं. मेसेजमध्ये टाकायला ही ओळ किती चांगली होती!

राहिले कावळे. गव्हाचं शेत, काळं आभाळ, तीन वाटा, वर कावळे: मृत्यूची चाहूल म्हणून इतकी सोयीची चौकट दुसरी नाही, म्हणून सगळे तीच वापरतात. ते जुलै 1890 मधलंच आहे, पण त्यानंतरही त्याने चित्रं केली. शेवटचं बहुधा ‘झाडांची मुळं’: निळी, हिरवी, उघडी पडलेली मुळं आणि पिवळी माती, इतकं जवळून की आधी काय बघतोय ते कळतच नाही. पुरतं झालेलंही नाही. थिओच्या मेहुण्याने लिहून ठेवलंय, की शेवटच्या सकाळी व्हिन्सेंट उन्हाने आणि जिवंतपणाने भरलेलं रानाचं चित्र रंगवत होता. 2020 मध्ये एका अभ्यासकाला जुन्या पोस्टकार्डावर ती मुळं सापडली. पॅरिसजवळच्या ओव्हेर गावातला रस्त्याकडेचा उतार, व्हिन्सेंट शेवटी ज्या खानावळीत राहायचा तिथून दीडेकशे मीटरवर. एक जुनं खोड तिथे अजून आहे.