हिशोब आणि हेश्बोन

काल परत तो व्हिडिओ आला ग्रुपवर. इस्रायलमधल्या एक आजी फर्मास मराठी बोलतायत आणि खाली सगळ्यांचे जोडलेले हात, "बघा तिकडे जपली, आणि आपण?" वगैरे. व्हिडिओ गोडच आहे, प्रश्नच नाही. पण तो आला की मला बाबांचे एक मित्र आठवतात आणि उगाच चिडचिड होते, ती आज लिहूनच टाकतो.

नाव लिहीत नाही, त्यांना चालणार नाही. आम्ही काकाच म्हणतो. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आडनाव रायगडातल्या गावाचं, शेवटी कर. टेंभी नाक्याजवळ राहायचे, ठाण्याचं 1879 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, घरापासून चालत. बीकॉम झालेले, बाबांच्याच ऑफिसात अकाउंट्सला. 1971 ला बायको आणि तान्ही मुलगी घेऊन इस्रायलमधल्या लोद शहरात गेले.

आता डिग्रीचं काय झालं, तर काही नाही. इथला अकाउंटंट तिकडे उतरल्या उतरल्या अकाउंटंट होत नाही, कायदा वेगळा, टॅक्स वेगळा आणि परीक्षा हिब्रूत. मग फॅक्टरीत रात्रपाळी आणि सकाळी डोळे चोळत उल्पानला, म्हणजे नवीन आलेल्यांचा हिब्रूचा वर्ग. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते पण आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. "अख्ख्या पानात ओळखीचे तेवढेच होते रे," असं काका सांगतात. आणि दुसरी गंमत अशी की अकाउंटंटला हिब्रूत म्हणतात रोए हेश्बोन, हिशोब बघणारा. आपला हिशोब अरबीतून आलाय आणि हेश्बोन त्याचाच भाऊबंद, मूळ धातू एकच. पंचवीस वर्षं ठाण्यात जो शब्द तोंडात होता तोच तिकडे वेष बदलून बसलेला! तरी काका कधी रोए हेश्बोन झाले नाहीत हं. बुककीपिंगचा कोर्स केला, एका छोट्या कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

माझी चिडचिड इथे आहे. आपल्याला त्यांची मराठी दिसते, बाकीचं कोण विचारतो? काकांचे थोरले भाऊ आधीच इस्रायलला गेलेले. 1961-62 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे कोकणात तेल गाळताना शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना शेकडो वर्षं शनिवार तेली म्हटलं गेलं, त्यांना तिकडे विचारणार, तुम्ही ज्यू कशावरून. 1964 ला लोकांनी जेरुसलेमला ठिय्या दिला, उपोषणं केली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. भाऊ त्या गर्दीत होते. हे कुठल्या व्हिडिओत येत नाही, कारण यावर हात जोडता येत नाहीत.

2018 ला कंपनीच्या कामाने तेल अवीवला गेलो तेव्हा एक संध्याकाळ काकांकडे होतो. मटण झालं आणि मी सवयीने चहा मागितला तर काकू हसल्या, मटणावर दूध चालत नाही, काळा घे. सोबत चिकाचा हलवा, नारळाच्या दुधातला. आणि टेबलाच्या अर्ध्या भागावर फायली! काका त्यांच्या सिनेगॉगचे गबाई, म्हणजे खजिनदार. कोकणात मुकादम, चौगुले, गबाई अशी मानाची पदं असायची त्यातलं हे. लोदमध्ये मानबिन काही नाही, नुसता कागद. तिकडे नोंदणीकृत संस्थेला अमुता म्हणतात, दरवर्षी हिशोब द्यायचा, कारभार नीट असल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, नाहीतर सरकारी मदत नाही. देणगीदाराला टॅक्समध्ये सूट हवी तर कलम 46, आपल्या 80 जी सारखं. वर्ष संपतं डिसेंबरला, पण काकांना अजून 31 मार्च जवळ आला की पोटात गोळा येतो म्हणे. संस्थेचं झालं की नव्याने आलेल्यांचे फॉर्म, कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाला नोकरीच्या पहिल्या दिवशीचा फॉर्म 101 भरता येत नाही. पैसे घेत नाहीत. (आमच्या सोसायटीत खजिनदार हो म्हटलं की अख्खी मीटिंग मोबाईलमध्ये बघते, मी पण.)

माझं म्हणणं एवढंच की परक्या देशात मलिद्याचं ताट, म्हणजे बेने इस्रायलींचा गोड पोह्यांचा प्रसाद, मांडलं जातं, सण होतात, मराठी नाटकाला हॉल मिळतो, ते मराठी रक्तात आहे वगैरेमुळे नाही. कुणीतरी हॉलचं डिपॉझिट भरलेलं असतं आणि पावती जपून ठेवलेली असते. आपण टाळ्या गाणाऱ्याला देतो, ठीक आहे, पण मग भाषा कोणी जपली हे सांगताना जरा जपून.

मागच्या महिन्यात फोन झाला. काका 83 चे, डोळे कमजोर. गबाईचं काम एका तरुण मुलाकडे देतायत, पण जुनी रजिस्टरं सगळी मराठीत, जमा, नावे, हातशिल्लक, मलिदा खर्च, पोहे-गूळ-नारळ, आणि त्या मुलाला बोललेली मराठी कळते पण देवनागरी वाचता येत नाही. म्हणून भिंग घेऊन बसलेत, प्रत्येक मराठी नोंदीखाली हिब्रू लिहितायत. 1994 पर्यंत आलेत. तिथे साडेसात शेकेल जुळत नाहीत, म्हणून सध्या थांबलेत.