मध-लिंबूपाण्याच्या त्या मेसेजबद्दल

बेळगावच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरालाय, सकाळी मध-लिंबूपाणी द्या, रात्रीचं जेवण बंद करा, महिन्यात नवऱ्याची ढेरी गायब. असं काही होत नाही बघा. लिंबानं चरबी वितळत नाही, उलट एक मोठा चमचा मध म्हणजे साधारण 60 कॅलरी, आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाला उपाशी झोपवलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, हे मेसेजवाल्यानं कुठं लिहिलंय? आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर झालं. त्याचं एकट्याचं ताट वेगळं करू नका, सगळ्यांनीच भाकरी-पालेभाजी खावा की, कुंद्यासारखी मिठाई घरात आणूच नका, संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सोबत चालायला जावा. पाहुण्यांसमोर "किती सुटलाय" तेवढं बंद करा. तरी काटा हलेना तर थायरॉईड तपासून घ्या.